पाठभेद न सांगणाऱ्या आवृत्त्या

'आवृत्ती' हा शब्द भाषेच्या अध्यापकाला रोज लागतो. उतारा कोणत्या आवृत्तीतून घेतला, तिला लेखकाची नवी प्रस्तावना आहे काय, पहिल्या आवृत्तीतले प्रकरण दुसरीत का गळले, हे प्रश्न विचारण्यातच आमची निम्मी तासिका जाते. त्यामुळे हा शब्द, किंवा त्याच्या जागी येणारे 'मार्क टू', 'प्लस', 'प्रो', 'के', 'एस' असे प्रत्यय, विजेवर चालणाऱ्या एखाद्या वस्तूच्या खोक्यावर दिसले की आम्ही सावध होतो. गेल्या काही वर्षांत या सावधगिरीचा वैताग झाला आहे, आणि त्याला कारण झाली आहे ती एक अगदी लहान वस्तू : खिशात मावणारा हेडफोन ॲम्प्लिफायर.

वस्तूची ओळख आधी करून द्यावी. कोशात 'ध्वनिवर्धक' हा प्रतिशब्द आहे. पण पोलिसांच्या आदेशांत आणि लोकांच्या तोंडी ध्वनिवर्धक म्हणजे मांडवावरचा कर्णा. कानाशी कुजबुजणाऱ्या यंत्राला ते नाव देणे विनोदी ठरेल. म्हणून येथे ॲम्प्लिफायर, किंवा बाजारात म्हणतात तसा नुसता 'ॲम्प'. हेडफोनमधला पडदा हलवण्यासाठी पुरेसा विद्युत्‌दाब आणि प्रवाह पुरवणे, आणि ते करताना मूळ संकेतात स्वतःची भर न घालणे, एवढेच त्याचे काम. हल्ली बहुतेक ॲम्पच्या पोटातच 'डॅक' असतो, म्हणजे अंकांच्या रूपातल्या संगीताचे विजेच्या लहरीत रूपांतर करणारी चिप. पूर्वी हा हौशी मंडळींचा खेळ होता. नऊ व्होल्टची बॅटरी आणि एक साधी चिप पेपरमिंटच्या पत्र्याच्या डबीत बसवून लोक घरी ॲम्प तयार करीत. ॲपलने २०१६ मध्ये आयफोन ७ मधून हेडफोनचे भोक काढून टाकले, पाठोपाठ इतर कंपन्यांनीही ते काढले, आणि तारेचे हेडफोन वापरणाऱ्या सामान्य माणसालाही असे काहीतरी बाहेरून जोडणे भाग पडले. आम्हांसारखे जुन्या ध्वनिमुद्रिका ऐकणारे लोक या बाजारात आले ते असे.

आता या बाजारातील वंशावळी पाहाव्यात. ऑडिओक्वेस्ट या अमेरिकी कंपनीने २०१२ मध्ये ड्रॅगनफ्लाय नावाची, पेनड्राइव्हएवढी वस्तू काढली. तिच्यामागून १.२ हा आकडा लावलेली आली, २०१६ मध्ये 'ब्लॅक' आणि 'रेड' अशा दोन आल्या, २०१९ मध्ये 'कोबाल्ट' आली. इंग्लंडच्या आयफाय कंपनीचा हिप-डॅक २०२० च्या सुमारास बाजारात आला. २०२१ मध्ये दुसरा आणि २०२३ मध्ये तिसरा. चीनमधील ग्वांगजौच्या फीओ कंपनीची बीटीआर नावाची मालिका तर अभ्यासण्याजोगी आहे. २०१९ मध्ये बीटीआर५ आला. २०२१ मध्ये त्याच नावापुढे केवळ सालाचा आकडा जोडून दुसरा बीटीआर५ आला, आतली चिप बदलून. २०२२ मध्ये बीटीआर७. त्यानंतर बीटीआर१५, आणि पंधरानंतर तेरा. मग सतरा. आकडा हा क्रम सांगण्यासाठी असतो ही आमची शालेय समजूत येथे निरुपयोगी ठरते. याच कंपनीच्या त्याआधीच्या 'ई' मालिकेत किलिमांजारो, माँ ब्लाँ, कुनलुन अशी पर्वतांची नावे होती, तर आयबासो या दुसऱ्या चिनी कंपनीने आपल्या ॲम्पना बोआ, पायथन, मांबा, कोब्रा, ॲनाकोंडा अशी सर्पांची नावे दिली होती. पर्वत आणि सर्प संपल्यावर अक्षरे आणि आकडे उरले असावेत.

हे सगळे ज्याच्यासाठी चालले आहे त्या हेडफोनची वंशावळ शेजारी ठेवली तर खरी गंमत कळते. कॉसचा पोर्टा प्रो १९८४ चा आहे. सोनीचा एमडीआर-७५०६ हा १९९१ चा. जगभरच्या ध्वनिमुद्रण कक्षांत तो आजही लटकलेला दिसतो. झेनहायझरचा एचडी ६०० हा १९९७ चा. तिन्ही आजही नवे विकत मिळतात. किरकोळ फरक सोडले तर त्यांचा मूळ आराखडा तोच आहे, आणि त्यांवर वीस-तीस वर्षांपूर्वी लिहिलेले आज वाचले तरी ते त्याच वस्तूविषयी आहे असे मानता येते. म्हणजे प्रत्यक्ष आवाज निर्माण करणारी, कानावर बसणारी, जिच्या घडणीने ऐकण्यात सर्वांत मोठा फरक पडतो ती वस्तू तीन-चार दशके स्थिर. आणि तिला नुसता विजेचा शिधा पुरवणारी डबी दीड-दोन वर्षांत जुनी. नायक तोच आणि पाणक्या दर अंकाला बदलतो, असे हे नाटक आहे.

पाणक्या बदलण्याची गरज खरोखर असते काय? हे पाहण्यासाठी थोडे विज्ञानात शिरावे लागेल. साहित्याच्या वाचकाने घाबरून पान सोडू नये.

ॲम्पने 'स्वतःची भर घालू नये' असे वर म्हटले. ही भर मुख्यतः तीन वाटांनी येते. पहिली वाट खरखरीची : काहीही वाजत नसताना ॲम्पमधून येणारा सूक्ष्म सुसकारा. दुसरी विकृतीची : मूळ स्वरात नसलेले उपस्वर यंत्राने आपल्या पदरचे मिसळणे. तिसरी वाट थोडी आडवळणाची आहे. प्रत्येक ॲम्पला स्वतःचा अंतर्गत रोध असतो, आणि तो हेडफोनच्या रोधाच्या एक-अष्टमांशाहून कमी असावा असा व्यवहारातला संकेत आहे. ३२ ओहमच्या हेडफोनला ४ ओहमच्या आतला ॲम्प हवा. तो जास्त असेल तर ज्या हेडफोनचा रोध स्वराच्या उंचीनुसार बदलतो त्याचा तोल बिघडतो, बहुधा खर्ज फुगून येतो. हा फरक काल्पनिक नाही. जुन्या संगणकांत आणि स्वस्त यंत्रांत तो सहज ऐकू येतो.

परंतु या तिन्ही वाटा बुजवण्याचे ज्ञान आता जुने झाले आहे. २०११ मध्ये एका अनामिक अभियंत्याने ओटू या नावाचा ॲम्प आखला, आणि त्याचा संपूर्ण आराखडा, सुट्या भागांची यादी आणि मोजमापे सर्वांसाठी खुली केली. स्वतःचे नाव त्याने कधीच सांगितले नाही, टोपणनावाने लिहिले. प्रत्येक भाग का निवडला, दुसरा का नाही, हे त्याने पानेच्या पाने भरून सांगितले. त्याचा अंतर्गत रोध अर्ध्या ओहमच्या आसपास होता, आणि खरखर व विकृती कानाच्या पकडीबाहेर गेलेल्या होत्या. दोन नऊ व्होल्टच्या बॅटऱ्यांवर चालणारा, काळ्या डबीतला, दिसायला कुरूप असा हा ॲम्प. २०१२ मध्ये हा गृहस्थ लिहिता लिहिता एकाएकी नाहीसा झाला. पुढे २०१४ मध्ये विद्युत् अभियंत्यांच्या एका प्रतिष्ठित अमेरिकी नियतकालिकाने त्याच्या अंतर्धानावर लेख छापला; तो कोण हे मात्र उघड झाले नाही. त्याच्या ॲम्पची दुसरी आवृत्ती त्याने काढलीच नाही. आणि तरीही आज त्या आराखड्यावर बांधलेला ॲम्प हेडफोनला जोडला तर ऐकणाऱ्याला काही उणे वाटण्याचे कारण नाही.

मग नवी आवृत्ती 'चांगली' वाटते ती का? ज्यांनी पैसे मोजले ते सगळेच भ्रमात असतात असे म्हणणे उद्धटपणाचे होईल, आणि ते खरेही नाही. त्यांना फरक ऐकू येतो. तो बहुधा मोठेपणाचा असतो. ड्रॅगनफ्लाय ब्लॅक जास्तीत जास्त १.२ व्होल्ट देतो आणि रेड २.१. आवाजाची पातळी ठरवणारी सरकती कळ दोन्हींत त्याच जागी ठेवली तर रेड सुमारे पाच डेसिबलने मोठा वाजेल. माणसाच्या कानाची खोड अशी की दोन सारख्या ध्वनींतील किंचित मोठा ध्वनी त्याला अधिक भरीव, अधिक मोकळा, अधिक तपशिलाचा वाटतो. एक-दोन डेसिबलचा फरक 'मोठा' म्हणून जाणवत नाही, 'छान' म्हणून जाणवतो. म्हणूनच प्रामाणिक तुलना करणारे लोक दोन्ही यंत्रांची पातळी मोजून एका डेसिबलच्या दशांशापर्यंत जुळवतात आणि मगच ऐकतात, तेही कोणते यंत्र चालू आहे हे न सांगता. दुकानात हे कोणी करीत नाही.

जाहिरातीतील 'दुप्पट शक्ती' या शब्दांचाही हिशेब याच जागी करावा. शक्ती दुप्पट झाली म्हणजे पातळी ३ डेसिबलने वाढली. आवाज कानाला दुप्पट मोठा वाटायचा तर सुमारे १० डेसिबल लागतात, आणि त्यासाठी शक्ती दसपट करावी लागते. म्हणजे 'दुप्पट शक्ती' ही कळ एक-दोन घरे पुढे सरकवण्याइतकी गोष्ट आहे. अवघड हेडफोन असेल तर तीही उपयोगी पडते, नाही असे नाही. पण तिच्यासाठी जुने यंत्र टाकून द्यावे असे तिच्यात काही नाही.

कंपन्यांची बाजूही मांडली पाहिजे. २० ऑक्टोबर २०२० रोजी जपानमधील नोबेओका येथे असाही कासेई या उद्योगसमूहाच्या चिपकारखान्याला आग लागली. डॅकच्या चिपा बनवणाऱ्या जगातील मोजक्या कारखान्यांपैकी तो एक. चिपा मिळेनाशा झाल्या, आणि अनेक कंपन्यांना आपली यंत्रे अमेरिकी चिपांभोवती नव्याने आखावी लागली. ही सक्तीची आवृत्ती होती. तिला कोणी हसू नये. भोकांचेही तसेच. मायक्रो-यूएसबी गेली आणि यूएसबी-सी आली. आयफोननेही २०२३ मध्ये आपले वेगळे भोक सोडले. आणि काही आवृत्त्या खरोखर कमावलेल्या असतात. इंग्लंडच्या कॉर्ड कंपनीचा मोजो २०१५ चा, त्याचा दुसरा अवतार २०२२ चा. मधल्या सहा वर्षांत जे सुचले ते त्यात घातले आहे, स्वराचा तोल ऐकणाऱ्याला बदलता येण्याची सोय आहे, नवे भोक दिले आणि जुनेही ठेवले आहे. अशा दुसऱ्या आवृत्तीवर आमचा रोष नाही. ड्रॅगनफ्लायच्या ब्लॅक आणि रेडलाही २०१७ मध्ये कंपनीने संगणकावरून नवी क्षमता फुकट दिली होती, नवे यंत्र विकत घ्यायला न लावता.

ती क्षमता मात्र जिच्यासाठी होती त्या गोष्टीचे पुढे काय झाले तेही सांगायला हवे, कारण त्यात या बाजाराचे मर्म आहे. एमक्यूए नावाची, संगीत घडी घालून पाठवण्याची एक पद्धत २०१४ मध्ये जाहीर झाली. काही वर्षे अशी गेली की ज्या यंत्राच्या खोक्यावर ही तीन अक्षरे नाहीत ते यंत्र जुने. कित्येक नव्या आवृत्त्यांचे प्रयोजन हीच तीन अक्षरे होती. एप्रिल २०२३ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, त्याच वर्षी दुसऱ्या कंपनीने तिची मालमत्ता घेतली, आणि जुलै २०२४ मध्ये टायडल या तिच्या सर्वांत मोठ्या संगीतसेवेने त्या पद्धतीला रजा दिली. अक्षरांसाठी यंत्र बदललेल्यांच्या खिशात आता तीन अक्षरे उरली आहेत.

हे सगळे पाहताना आम्हांला आमच्याच घरातले दृश्य दिसते, म्हणून हा विषय साहित्याच्या वाचकांपुढे मांडावासा वाटला. मराठी प्रकाशनव्यवहारात 'आवृत्ती' आणि 'पुनर्मुद्रण' यांतील भेद किती जणांनी पाळला? काना-मात्राही न बदलता पुस्तक पुन्हा छापायचे आणि मुखपृष्ठावर 'पाचवी आवृत्ती' म्हणून मिरवायचे, हे आपण वर्षानुवर्षे पाहत आलो. अभ्यासक्रमाच्या मार्गदर्शकांची कथा तर सांगूच नये. 'सुधारित अभ्यासक्रमानुसार' ही पट्टी चिकटवली की मागील वर्षीचे पुस्तक रद्दी होते आणि आतला मजकूर, चुकांसकट, तोच असतो. थोरल्या बहिणीचे पुस्तक धाकटीला चालत नाही असे वर्गात सांगताना आमची जीभ अडखळते. तेव्हा खोक्यावरच्या आकड्याने फसवण्याची कला ग्वांगजौला किंवा कॅलिफोर्नियाला शिकावी लागली असे नाही.

परंतु याच घरात दुसरीही परंपरा आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला. ग्रंथात अपपाठ शिरले होते, म्हणून त्यांनी काम हाती घेतले. कारण सांगितले, काळ नोंदवला, आणि या पाठात आपल्या पदरची ओवी घालू पाहणाऱ्याला कडक शब्दांत बजावले. ही सुधारित आवृत्ती होती, आणि सुधारणा म्हणजे काय, ती कोठे थांबते, याचे भान तिच्यातच होते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ मध्ये सुरू केले, ते १९६६ मध्ये पूर्ण झाले. एका आवृत्तीला सत्तेचाळीस वर्षे. आणि त्या आवृत्तीचे पान उघडले तर वर स्वीकारलेला पाठ आहे आणि खाली बारीक टाइपात, कोणत्या हस्तलिखितात काय वेगळे आहे, त्याची नोंद. संपादकाचा निर्णय ज्याला पटत नाही त्याने तळटीप वाचावी आणि आपला निर्णय घ्यावा. आवृत्ती काढणाऱ्याने वाचकाचे जे देणे लागते ते हेच : काय बदलले, का बदलले, आणि आधी काय होते.

वर ज्याचा उल्लेख आला तो अनामिक अभियंता या परंपरेतला वाटतो. त्याने आपला आराखडा खुला करताना परवान्यात अशी अट घातली की कोणीही हा ॲम्प बांधावा, विकावा. पण त्यात फेरफार करून तो प्रसृत करू नये. पदरची ओवी घालू नये, असेच ते सांगणे. एखाद्या विक्रेत्याने एक भाग बदलून 'सुधारित' म्हणून विकला तर मूळ मोजमापे त्याला लागू राहणार नाहीत, आणि ऐकणारा कोणत्या वस्तूविषयी बोलतो आहे हेच कळेनासे होईल, ही त्यामागची चिंता. पाठचिकित्सेची गोडी लागलेल्या आमच्या विद्यार्थ्यांनी हा परवाना अवश्य वाचावा.

उलट बाजारातील नव्या ॲम्पच्या खोक्यात पाठभेद मिळत नाहीत, विशेषणे मिळतात. 'पडदा दूर झाला' हे या क्षेत्रातील आवडते वाक्य. दुसऱ्या आवृत्तीने पहिलीचा पडदा दूर केला, तिसरीने दुसरीचा. आता पहिली आवृत्ती आली तेव्हाही पडदा दूर झालाच होता, असे त्या वेळचे परीक्षण सांगते. द्रौपदीच्या वस्त्रासारखा हा पडदा ओढावा तितका वाढतो. 'पार्श्वभूमी अधिक काळी', 'मंच अधिक रुंद', 'स्वर अधिक सेंद्रिय' ही बाकीची विशेषणे. तुलनावाचक 'अधिक' काढून टाकले तर या वाक्यांत काही उरत नाही. आमच्या पुस्तक-परीक्षणांतही 'अधिक प्रगल्भ', 'अधिक टोकदार' हे शब्द याच जातीचे आहेत. कशाहून अधिक, हे परीक्षक सांगत नाही आणि संपादक विचारत नाही.

समीक्षेला स्थिर वस्तू लागते. कादंबरीवर पन्नास वर्षे वाद होऊ शकतो, कारण पन्नास वर्षांपूर्वीच्या समीक्षकाने वाचलेले पुस्तक आम्ही आजही उघडू शकतो आणि त्याचे म्हणणे त्या पानाशी ताडून पाहू शकतो. एचडी ६०० या हेडफोनबद्दलही असा वाद होऊ शकतो, आणि झालाही आहे. त्याचा वरचा स्वर मंद आहे की नाही यावर माणसे दोन तपे भांडली, आणि त्या भांडणातून ऐकण्याची एक भाषा तयार झाली. दीड वर्षाने नाहीशा होणाऱ्या ॲम्पबद्दल वाद होत नाही. पहिला लेख येतो, तो उत्साहाचा. दुसरा, विचारपूर्वक लिहिलेला, येईपर्यंत वस्तू दुकानातून गेलेली असते, आणि नव्या वस्तूविषयी पहिला उत्साहाचा लेख आलेला असतो. दोष सांगणारा माणूस नेहमी उशिरा पोचतो. कारण दोष वापरातून कळतात आणि वापराला वेळ लागतो. आवृत्त्यांचा वेग हा अशा रीतीने टीकेपासूनचे संरक्षण होतो. कोणी हेतुपुरस्सर योजलेले असो वा नसो.

ऐकण्याचे नुकसान याहून मोठे आहे. अब्दुल करीम खाँ यांच्या १९३० च्या दशकातील ध्वनिमुद्रिका घ्याव्यात. ७८ फेऱ्यांची तबकडी, एका बाजूला साडेतीन मिनिटांच्या आत सगळा राग. सुईची खरखर अशी की तिच्यापुढे खोक्यावरील '१२० डेसिबलची शांतता' या आश्वासनाला काही अर्थ उरत नाही. अशी ध्वनिमुद्रिका चाळीस-पन्नास वेळा ऐकल्यावर कान खरखरीला बाजूला सारायला शिकतो, आणि मग तिच्यामागचा तो बारीक, लांबवलेला स्वर, त्याच्या सुरुवातीचा श्वास, सारंगीने धरलेला धागा हळूहळू पुढे येतो. येथे जे सुधारते ते यंत्र नसते. या चाळीस-पन्नास वेळा यंत्र मात्र तेच असावे लागते, कारण त्याच्या गुणदोषांची सवय झाल्याशिवाय ते ऐकण्यातून नाहीसे होत नाही. चष्म्याची काच रोज बदलणाऱ्याला काचच दिसत राहते.

आवृत्त्यांच्या मागे धावणारा श्रोता वेगळ्या रीतीने ऐकतो. आमच्याकडे येणाऱ्या, संगीताची खरी आवड असलेल्या काही विद्यार्थ्यांत हे दिसते. त्यांच्याजवळ 'चाचणीच्या' ध्वनिमुद्रणांची यादी असते. त्यातील एकाचे पहिले चाळीस सेकंद जुन्या ॲम्पवर, तेच चाळीस सेकंद नव्यावर. तंबोरा कोणत्या बाजूला आहे, तबल्याच्या चाटेवर बोट आपटल्याचा आवाज सुटा येतो की नाही, हे तपासून झाले की पुढचे ध्वनिमुद्रण. ख्याल मध्य लयीवर पोचतच नाही. समेवर येणेही कित्येकदा राहून जाते. आवर्तन आणि आवृत्ती हे एकाच धातूचे शब्द. आवर्तनात फिरून येण्याला एक जागा असते. मुले हुशार आहेत, कानही तयार आहेत, त्यांना फरक खरोखर कळतात. त्यांनी चार वर्षांत किती यंत्रे बदलली ते ती सांगू शकतात. चार वर्षांत संपूर्ण ऐकलेल्या मैफली मोजायला सांगितल्या की ती हसून विषय बदलतात. पुस्तकांच्या बाबतीत असे वाचणाऱ्या मुलांना आम्ही टोकले असते. यंत्राचे नाव आले की आम्ही अध्यापक गप्प बसतो, ते तंत्रज्ञान आहे, आपल्याला काय कळते, असे म्हणून. हा संकोच सोडावा.

आमच्यापैकी एकाच्या ॲम्पची बॅटरी तिसऱ्या वर्षी फुगली. बाकी यंत्र निर्दोष होते, आवाजात तक्रार नव्हती. कंपनीकडून उत्तर आले ते सौजन्यपूर्ण होते : ही आवृत्ती आता आमच्या आधाराखाली नाही, तिचे भाग ठेवले जात नाहीत, नव्या आवृत्तीवर आपणांस सवलत देता येईल. गल्लीतल्या मोबाइल दुरुस्तीवाल्याने यंत्र उघडायचा प्रयत्न केला तर आतला सगळा प्रकार गोंदाने चिकटवलेला. लिथियमची बॅटरी काही वर्षांत मरणारच. तिला न बदलता येईल असे बसवणे म्हणजे यंत्राच्या जन्मवेळीच त्याची मृत्युतिथी छापून ठेवणे. चिप, विकृती, खरखर यांची चर्चा व्यर्थ आहे. या वस्तूचे आयुष्य तिच्यातील सर्वांत क्षुद्र भाग ठरवतो. ओटूच्या बॅटऱ्या हाताने काढता येत, आणि तशा बॅटऱ्या कोपऱ्यावरच्या विजेच्या दुकानात मिळतात.

विद्यार्थी आता विचारतात, सर, मग घ्यावा कोणता? आमचे उत्तर असे असते की आधी जवळचा हेडफोन पाहा. तो ३२ ओहमचा, सहज वाजणारा असेल तर मोबाइलसोबत मिळणारी किंवा हजाराच्या आतबाहेर मिळणारी साधी जोडतारही बहुधा पुरते, आणि तिच्यातही डॅक आणि ॲम्प दोन्ही असतात. तीनशे ओहमचा असेल तर वेगळा ॲम्प घ्यावा. आणि शक्य तर मागील आवृत्ती घ्यावी, जिच्याविषयीचे उशिराचे लेख येऊन चुकले आहेत आणि जी नव्या आकड्यामुळे स्वस्त झाली आहे. दुकानदाराला विशेषणे विचारू नयेत. बॅटरी कशी बदलायची ते विचारावे.

बॅटरीच्या बाबतीत युरोपीय संघाने २०२३ मध्ये एक नियम केला आहे. १८ फेब्रुवारी २०२७ पासून तेथे विकल्या जाणाऱ्या बहुतेक हातातल्या उपकरणांची बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता आणि बदलता आली पाहिजे. एकाच कारखान्यातून सगळ्या जगाला माल जात असल्याने त्याचा लाभ आपल्यालाही होईल अशी आशा आहे. ती सोय आधीच घेतलेल्या यंत्रांना मिळणार नाही, हे उघड आहे. ती नव्या आवृत्तीत येईल.